सर्वानुमते, टाळ्यांच्या गजरात

शुक्र., १ फेब्रु.

कॉलेजात परिसंवाद झाला. विषय: लोकशाहीची सद्यस्थिती. बॅनरवर प्राचार्यांचा फोटो पाहुण्यांच्या फोटोपेक्षा मोठा. पाहुणे पावणेदोन तास बोलले. सार एवढंच की देशातला संवाद संपत चालला आहे. मग प्रश्नोत्तरं ‘समय के अभाव में’ रद्द. पुऱ्या, आलूची भाजी, प्रमाणपत्रं, ग्रुप फोटो.

जेवणाआधी पोरं पळू नयेत म्हणून हॉलला बाहेरून कडी लावली होती. लोकशाहीवरचं भाषण ऐकायला पोरं कोंडून ठेवली. मी सव्वीस वर्षं राज्यशास्त्र शिकवणारा मास्तर. मला काम काय दिलं, तर हजेरीचा कागद फिरवायचा. किळस आली. राइट टाउनहून स्कूटर काढली ती थेट रांझीला घरी.

सु. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “काहून एवढे चिडून राहिले? दरसालचंच आहे न.” दरसालचं आहे म्हणूनच चिडून राहिलो. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, हिला एवढं समजत नाही.

रवि., ३ फेब्रु.

विहारात वंदना झाली, मग वरच्या खोलीत आपला संविधानाचा वर्ग. आठ वर्षं झाली, तब्येत असो नसो, एक रविवार चुकवला नाही. आज अकरा जण. कडीची गोष्ट सांगितली, सगळे पोट धरून हसले. मग नीट शिकवलं: उमेदवारी अर्ज कसा लिहितात, सूचक कोण, अनुमोदक कोण, गुप्त मतदान काहून पाहिजे, विरोधी मत नोंदवून घेणं म्हणजे काय. फळ्यावर अर्जाचा नमुना काढून दिला. बरं वाटलं. कॉलेजात कुत्रं विचारत नाही, इथे लोक ‘सर’ म्हणतात तेव्हा तो शब्द खरा वाटतो.

शेवटी मेश्रामची प्रज्ञा उठली. रिछाईत एका कारखान्यात पॅकिंगला जाते, बाहेरून एम.ए. करून राहिली. वर्गात सगळ्यात जास्त वही तिचीच भरते. म्हणाली, “सर, अपनी विहार समिती में वोटिंग कब हुई थी?”

म्हटलं, आपल्याकडे सर्वानुमते होते. मतभेदच नसतात.

“पर सर, किसी ने पूछा था क्या?”

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा.

मंगळ., ५ फेब्रु.

संध्याकाळी प्रज्ञा दारात. विहारातल्या वरच्या खोलीचंच विचारायला. खोली रोज सहा ते नऊ उघडी ठेवा, पाच-सहा मुली अभ्यासाला बसतील, असं तिचं म्हणणं. सगळ्या कामावर जाणाऱ्या. घरी एक खोली, त्यात टीव्ही, त्यात भाऊ. तिसऱ्यांदा विचारून राहिली. मी तिसऱ्यांदा म्हटलं, “समितीपुढे ठेवतो.”

ठेवलं नाही. आधी दोनदाही ठेवलं नव्हतं. ही माझी वही आहे म्हणून खरं लिहितो: चाबी द्यायची नाही. पुस्तकं फाटतील, पंखा बिघडेल ही सांगायची कारणं. सचिव झालो तेव्हापासून, एकोणीस वर्षं, चाबी माझ्या जुडग्यात आहे. कोणाला खोली पाहिजे असली तर माझ्याकडे यावं लागते. ते मला आवडते.

रवि., २४ फेब्रु.

फळ्यावर नोटीस लावली. वार्षिक सभा, रवि. १७ मार्च, सकाळी दहा. १४ एप्रिलच्या जयंतीच्या आधी नवी समिती बसवायची. नवी म्हणजे जुनीच. ढोके काका अध्यक्ष, मी सचिव. काका फॅक्टरीतून फोरमन म्हणून रिटायर झाले त्यालाच वीस वर्षं होत आली. दरवर्षी म्हणतात यंदा सोडतो. दरवर्षी आम्ही म्हणतो, नाही काका, तुम्हीच. हे सगळं बोलून होईपर्यंत चहा उकळतो.

रवि., ३ मार्च

वर्ग संपल्यावर प्रज्ञाने कागद दिला. दोन हातांनी दिला. उमेदवारी अर्ज. पद: सचिव. सूचक, अनुमोदक, दोघींच्या सह्या, सभासद क्रमांक, तारीख. फळ्यावर काढून दिलेला नमुना, कान्यामात्रेसकट. अक्षर सावकाश काढलेलं, पाटीवर काढतात तसं.

पहिला अर्धा क्षण छाती फुगली, की शिकवलेलं कोणीतरी वापरलं. मग कळलं सचिव म्हणजे मी. कानशिलं तापली. तोंडातून निघालं, “छान.”

घरी येईपर्यंत त्या ‘छान’चा राग येत राहिला. पाहुणे असंच म्हणतात, छान प्रश्न आहे, आणि मग उत्तर देत नाहीत.

सोम., ४ मार्च

काकांकडे गेलो. अर्ज वाचला त्यांनी, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“घरात कोणी मतदान करते का जी? उद्या बायको म्हणेल भाजीचं मतदान घ्या.”

म्हटलं, काका, आपल्याच विहाराच्या घटनेत लिहिलं आहे, एका पदाला एकाहून जास्त जण उभे असले तर मतदान.

“लिहिलं असंल. लिहिणारे तुम्हीच. दोन पार्ट्या पडतील, समजून घे. जयंतीला दोन मिरवणुका निघतील अन् बस्ती तमाशा पाहील. बाहेरचे लोक वाटच पाहून राहिले की आपल्यात कधी फुटते. पोट्टीला समजाव. तूच शिकवलं, तूच निस्तर.”

अख्ख्या देशात निवडणूक व्हावी, फक्त आपल्या गल्लीत नको. दर २६ जानेवारीला हाच माणूस संविधानाची प्रास्ताविका तोंडपाठ म्हणतो, डोळे मिटून. शिसारी आली ऐकून. हे वाक्य लिहिताना मजा वाटून राहिली म्हणून पुढचंही लिहितो. मी मान हलवली. “सांगतो तिला” म्हणालो. चहाही प्यायलो.

गुरु., ७ मार्च

कॉलेजातून परत येताना मुद्दाम रिछाईकडून आलो. शिफ्ट सुटली होती. प्रज्ञा बसची वाट पाहून राहिली होती, केसांवर अजून कारखान्याची जाळीची टोपी. ती काढायला विसरली म्हणून लाजली.

म्हटलं, प्रज्ञा, यंदा सहसचिव हो. अनुभव येईल. पुढे तुझंच आहे सगळं.

“सहसचिव काय करते, सर?”

सचिवाला मदत.

“अन् चाबी?”

चाबी सचिवाकडे राहते.

“मग मी सचिवचंच भरलं ते बरोबर आहे न?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. फॉर्म बरोबर भरला की नाही हे सरांना विचारून राहिली होती. मग मी घसरलो. म्हटलं, इतिवृत्त मराठीत लिहावं लागते, तुझी बोली सगळी हिंदी, जमेल का? हा नियमही मीच घटनेत टाकलेला, भाषा टिकावी म्हणून. टाकला तेव्हा कारण खरंच तेवढं होतं. आज त्याचा सोटा केला.

“समजते मला सगळं. लिखने का सीख लूँगी. तुम्ही शिकवाल न, सर?”

बस आली. स्कूटर चालू करायला तीन किका माराव्या लागल्या.

रवि., १० मार्च

वर्गात राज्यसभेवर बोललो. कोणाला काही विचारावंसं वाटू नये असा विषय काढला. तासभर बोललो. प्रज्ञाने सगळं लिहून घेतलं.

मंगळ., १२ मार्च

स्टाफरूममध्ये त्याच परिसंवादाचा अहवाल तयार होऊन राहिला. ‘श्रोताओं ने प्रश्न पूछे, जिनका अतिथि ने समाधान किया.’ मी म्हटलं, प्रश्न तर झालेच नाहीत. कारकून म्हणाला, “सर जी, फॉर्मेट में है.” त्याने सही मागितली. केली. नाही केली असती तर प्राचार्यांनी बोलावलं असतं, आणि त्यांच्या केबिनमध्ये बसायला खुर्ची देत नाहीत.

या कॉलेजात सव्वीस वर्षांत मला कोणी एक कमिटी दिली नाही. विहाराचं सचिवपद गेलं तर मी कोण? रोज सकाळी राइट टाउनला जाऊन हजेरी घेणारा माणूस. एवढंच आहे सगळं. प्रज्ञाला खोली पाहिजे, मला खुर्ची.

गल्लीतली मतं मोजून पाहिली. माझीच जास्त भरतात. तरी नको वाटते. एकजणही विरोधात आहे हे कागदावर यायला नको.

शनि., १६ मार्च

दुपारीच इतिवृत्त लिहून टाकलं. दरवर्षी आदल्या दिवशी लिहितो. सभेच्या दिवशी जयंतीची वर्गणी, मंडप, भांडणं, लिहायला फुरसत कोणाला. हजर संख्येची जागा कोरी ठेवायची, बाकी तेच: ‘अध्यक्षपदी श्री. ढोके व सचिवपदी श्री. रामटेके यांची सर्वानुमते, टाळ्यांच्या गजरात फेरनिवड करण्यात आली.’ गेल्या वर्षीचं पान समोर ठेवलं आणि उतरवलं.

सु. भाजी निवडून राहिली होती. “उद्याचं आजच?”

दरवर्षी असंच राहते.

“अन् त्या पोरीचा अर्ज?”

फाईलीत आहे म्हटलं. मतदान झालं तर वरून दुसरा कागद चिकटवू. ती मेथी घेऊन आत गेली.

रवि., १७ मार्च

लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

विहार भरलेलं. बाया उजवीकडे, पुरुष डावीकडे. प्रज्ञा पहिल्या रांगेत. मिठाईचा जुना डबा झाकणाला चीर पाडून आणला होता, मांडीवर धरून बसली. चिठ्ठ्या पण कापून आणल्या होत्या, रबर लावून. मी शिकवलं होतं की पेटी सगळ्यांसमोर उघडी करून दाखवायची. तिने झाकण काढून ठेवलं होतं, दाखवायला.

काका म्हणाले, “चलो, सुरू करू. सचिव, मागील इतिवृत्त वाचा.”

मी वही उघडली. खुणेची फीत होती ते पान. वाचायला लागलो. रविवार, दिनांक सतरा मार्च रोजी विहाराची वार्षिक सभा अध्यक्ष श्री. ढोके यांच्या अध्यक्षतेखाली. शपथेवर सांगतो, मुद्दाम नाही. एकोणीस वर्षं तेच शब्द, जीभ आपोआप चालते. काल लिहिलेलं पान वाचून राहिलो हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. हजर सभासद म्हटलं, पुढे कोरं होतं, तिथे खोकलो आणि पुढे गेलो. सर्वानुमते, टाळ्यांच्या गजरात, फेरनिवड करण्यात आली.

आणि टाळ्या वाजल्या. त्या ठिकाणी वाजतातच. मंडळींना सवय आहे, मला आहे तशी.

टाळ्या वाजताना पानावरची शाई दिसली. कालची, निळी. गेल्या वर्षी काळं पेन होतं. तेव्हा कळलं. बोलायला वेळ होता. टाळ्या थांबेपर्यंत किती वेळ लागतो, तेवढा वेळ होता. ‘थांबा, माझी चूक झाली, हे आजचं आहे’ असं म्हटलं असतं तर लोक हसले असते, बस. मी वही मिटली.

काका म्हणाले, “चलो, झालं. आता जयंतीचं बोलू.”

प्रज्ञा उठली. “सर, तुम्ही आजची तारीख वाचली.”

काका म्हणाले, “अरे बेटा, आजचीच तर सभा आहे.” सगळे हसले. कोणी वाईट नव्हतं हसलं. तिचा बापही हसला. मागून कोणीतरी म्हणालं, बस ना बेटा, आता हो गया.

ती माझ्याकडे पाहत राहिली. मी सांगेन म्हणून. मी चष्मा पुसत होतो.

तिने डब्याला झाकण लावलं, बसली. शेवटपर्यंत बसली. मंडपाच्या चर्चेत हात वर करून एक सूचनाही केली, बायांसाठी पाण्याची वेगळी टाकी. मंजूर झाली.

कडी लावणाऱ्यांना मी दीड महिना शिव्या देऊन राहिलो. त्यांना बाहेरून कडी तरी लावावी लागली.

मंगळ., १९ मार्च

कॉलेजात लक्ष नाही. वर्गात एका पोराने विचारलं, “सर, बहुमत और सर्वसम्मति में क्या फर्क है?” पुस्तकात पहा म्हटलं.

बुध., २० मार्च

वही सह्यांच्या फेरीला गेली. आपल्याकडे सभेत सह्या होत नाहीत, सगळे चहाकडे धावतात. म्हणून आठवडाभर वही घरोघरी फिरते. एकाकडून दुसऱ्याकडे, शेजारचाच नेऊन देतो. सगळ्यांच्या झाल्या की शेवटी सचिवाची. मग अध्यक्षांच्या कपाटात.

वही देताना मनात आलं, पान फाडावं. मग मनात आलं, पानांना नंबर आहेत. नंबरही मीच टाकलेले, आठ वर्षांपूर्वी, कोणी पान फाडू नये म्हणून.

संध्याकाळी चाबी जुडग्यातून काढली. एवढी वर्षं त्या कड्यात होती की नख तुटलं. रिछाईच्या बसस्टॉपवर गेलो. म्हटलं, प्रज्ञा, ही घे. उद्यापासून खोली उघड, सहा ते नऊ, दहापर्यंत बसा पाहिजे तर. काकांना मी सांगतो.

तिने हात पुढे केला नाही. “ही तुम्ही देऊन राहिले, सर?”

हो, मीच.

“अन् उद्या तुमचं मन बदललं तर?”

नाही बदलणार म्हटलं.

“पर सर, बदल तो सकता है ना.” मग थोडं थांबून, मराठीत, शोधून शोधून: “मला खोली पाहिजे. खूप पाहिजे. पण अशी नाही. मी मत मागायला आली होती. तुम्ही हरवलं असतं तर चाललं असतं, सर. मी घरी सांगून आली होती की हरणार आहे.”

बसमध्ये चढली. मी तिथेच चाबी हातात घेऊन. बाजूचा पानवाला विचारून राहिला, भैया, कुछ गिर गया क्या.

स्वतःची एवढी घाण कधी वाटली नव्हती. तिला गप्प करायला गेलो होतो आणि वाटून राहिलं होतं की मोठं मन दाखवून राहिलो. तिने ते दोन वाक्यांत ओळखलं.

शुक्र., २२ मार्च

काकांचा फोन. वही कुठवर आली? जयंतीच्या परवानगीच्या अर्जाला नव्या समितीची नक्कल जोडायची आहे. “पोट्टी शांत झाली न? मी म्हटलं होतं, काही होत नाही. आपले लोक समजदार आहेत.”

हो म्हटलं.

रवि., २४ मार्च

वर्गाला कोणी येणार नाही असं धरून गेलो. नऊ जण आले. प्रज्ञाही. नेहमीच्या जागी, वही उघडून. जयभीम म्हणाली, मीही म्हटलं. विषय ठरवून नेला नव्हता. म्हटलं, आज तुम्ही विचारा. कोणी काही विचारलं नाही. दहा मिनिटांत वर्ग सोडला.

घरी आलो तर वही आली होती. टेबलावर. शेजारची लता वहिनी सकाळी ठेवून गेली, सु. म्हणाली.

पान उघडलं. सह्या, सह्या, काही अंगठे. मेश्रामच्या सहीखाली प्रज्ञाची. आणि सहीपुढे, त्याच पाटीवरच्या अक्षरात: ‘मी हजर होते. मी टाळी वाजवली नाही. मत द्यायला आले होते, मतदान झाले नाही. हे विरोधी मत नोंदवून घ्यावे.’

त्याखाली एक आडवी रेघ, आणि रेघेखाली आणखी सह्या. ज्यांनी साधी सही केली ते डाव्या बाजूला. उजव्या बाजूला, प्रज्ञाच्या ओळीच्या खाली, पाच जणी. तिची सूचक. अनुमोदक. लता वहिनीचा अंगठा. गवईंची सून, जी माझ्याशी कधी बोललीही नाही.

पाचवी सही सुनंदा रामटेके.

पुन्हा पाहिली. तिचीच. ‘सु’चा उकार ती असाच लांब ओढते.

ती ओट्यापाशी भांडी पुसून राहिली होती. विचारलं, तू काहून सही केली इथे?

“खरं आहे ते. टाळी मी पण नव्हती वाजवली.”

मी तुझ्याचकडे तोंड करून उभा होतो, सुनंदा.

“हो न. पण तुम्ही वहीत पाहत होते.”

अन् गेल्या वर्षी?

ताट पुसून तिने फळीवर ठेवलं. “गेल्या वर्षी पण नाही. त्याच्या आधी पण नाही. पहिल्या साली वाजवली होती, तेव्हा तुम्ही सगळ्यांना विचारून उभे राहिले होते.”

मला ते आठवत नाही. खरंच आठवत नाही.

काकांचा फोन दोनदा वाजून गेला. नक्कल त्यांना संध्याकाळी पाहिजे. पानाच्या तळाशी ‘सचिव’ लिहिलेलं आहे, माझ्याच हातचं, शनिवारचं. त्यावरची जागा कोरी आहे. सही केली तर वरचं सगळं खरं ठरते, सर्वानुमतेही आणि प्रज्ञाची ओळही, दोन्ही एकाच पानावर. नाही केली तर यंदा समितीच नाही, आणि जयंती तीन आठवड्यांवर.

पेनाचं टोपण काढून बसलो आहे. सु.ने चहा ठेवला समोर. काका येऊन राहिले असतील, फोन उचलला नाही तर ते स्वतः येतात.